आपले प्रश्न : आडाचे पाणी आणि किटवरचा आकडा

प्रश्न : आमच्या तंत्रनिकेतनातील स्थापत्य शाखेच्या अंतिम वर्षाच्या मुलांनी, जवळच्या परिचारिका प्रशिक्षण विद्यालयातील मुलींना सोबत घेऊन, कृष्णाकाठच्या एका गावातील विहिरी, आड आणि बोअर यांच्या पाण्यातील नायट्रेट किटवर तपासले. सर्वांत जास्त आकडा १२ आला. मानकानुसार मर्यादा ४५ असल्यामुळे पाणी पिण्यास योग्य आहे, असा निष्कर्ष मुलांनी काढला आहे. गावाभोवती सगळा ऊस असल्याने आम्हाला थोडे आश्चर्य वाटले. अहवालात काही उणीव राहिली आहे का? रंगपट्टीचे छायाचित्र सोबत जोडले आहे.
— एक अधिव्याख्याता, वाळवा तालुका

उत्तर : आपल्याला वाटलेले आश्चर्य रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपण पाठविलेल्या छायाचित्रातच आहे. रंगपट्टीच्या खालच्या कोपऱ्यात, भिंगाशिवाय वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत, हा आकडा 'नायट्रेटमधील नायट्रोजन' म्हणून वाचावा, असे छापलेले आहे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५००:२०१२ या मानकातील ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा मात्र संपूर्ण नायट्रेटची आहे. नायट्रोजनचा अणुभार १४ आणि नायट्रेटचा भार ६२, म्हणून किटवरच्या आकड्याला सुमारे ४.४३ ने गुणावे लागते. आपल्या १२ चे त्यामुळे ५३ होतात आणि जे पाणी अहवालात योग्य ठरले आहे, ते मर्यादेच्या बाहेर जाते. या घटकाच्या बाबतीत मानकाने पर्यायी स्रोत नसेल तर चालवून घेण्याची वरची मर्यादाही ठेवलेली नाही, हेही मुलांना सांगावे. ही चूक मी पदव्युत्तर प्रबंधांतसुद्धा पाहिली आहे, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांना फार बोल लावू नये. पण अहवालातील प्रत्येक आकड्यापुढे एकक आणि ते कशाचे आहे, हे दोन्ही लिहिल्याशिवाय तो जमा करू देऊ नये.

आता तपासणीच्या पद्धतीविषयी. या किटमध्ये जस्ताच्या भुकटीसारख्या द्रव्याने नायट्रेटचे नायट्राइट केले जाते आणि त्या नायट्राइटमुळे गुलाबी रंग येतो. म्हणजे पाण्यात आधीपासून नायट्राइट असेल, तर तेही याच रंगात मिसळते. रंग पट्टीवरच्या शेवटच्या छटेपेक्षा गडद आला, तर ऊर्ध्वपातित पाण्याने नमुना पातळ करून पुन्हा तपासावा आणि आलेल्या आकड्याला तितक्या पटीने गुणावे. पट्टी उन्हात धरायची की सावलीत, यावरूनही दोन मुलांचे वाचन वेगळे येते. एकाच नळीकडे तीन मुलांनी एकमेकांना न सांगता पाहावे आणि तिन्ही वाचने वहीत लिहावीत. किटवर जास्त आलेले नमुने बर्फाच्या पेटीत ठेवून शक्य तितक्या लवकर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत न्यावेत. किट हे चाळणीसारखे, संशयित नमुने वेगळे काढण्यापुरते वापरायचे असते.

उसाचा संबंध जोडताना मात्र घाई नको. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या) उसासाठी नत्राची, म्हणजे नायट्रोजनची, शिफारस हेक्टरी ४०० किलो आहे, आणि युरियात नत्र ४६ टक्के असते. पाटाने भरपूर पाणी सोडल्यावर पिकाने न उचललेले नायट्रेट खाली झिरपते, हे खरे. पण गावठाणातल्या आडाशेजारी बहुधा गोठा असतो, उकिरडा असतो, आणि अलीकडे शौचालयाचा शोषखड्डाही असतो. तिथून येणारे नायट्रेट आणि युरियातून येणारे नायट्रेट किटवर सारखाच गुलाबी रंग देतात. म्हणून प्रत्येक स्रोताजवळ पावलांनी का होईना, अंतरे मोजावीत, क्लोराइड तपासावे आणि जिवाणू तपासणीचा नमुना घ्यावा. गावठाणातील आडात नायट्रेटबरोबर मलमूत्रातून येणारे क्लोराइड आणि ई-कोलाय जिवाणू वाढलेले आढळले आणि मळ्यातील विहिरीत नुसतेच नायट्रेट वाढलेले असले, तर लिहिण्याजोगे काही हाती लागेल. त्यातही पावसाळ्यापूर्वीचा आणि नंतरचा असे किमान दोन नमुने हवेत. एका फेब्रुवारीतल्या एका फेरीवरून युरियाला आरोपी करता येणार नाही.

परिचारिका विद्यालयाच्या मुलींना आपण केवळ बाटल्या धरायला नेले नसेल, अशी आशा आहे. कारण या प्रकल्पातील खरा आरोग्यविषयक प्रश्न त्यांच्याच हातात आहे. नायट्रेटचा तातडीचा धोका सहा महिन्यांखालील बाळाला असतो. पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन करते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. बाळ निळसर दिसते, रक्त चॉकलेटी होते, आणि बोटाला लावलेला ऑक्सिमीटर अशा वेळी फसवे वाचन दाखवतो. फक्त आईच्या दुधावरचे बाळ यापासून बरेचसे सुरक्षित असते. वरचे दूध किंवा पावडर त्या आडाच्या पाण्यात कालवली जाते, तिथे धोका असतो. म्हणून गावात किती तान्ह्या बाळांना वरचे दूध चालू आहे आणि त्यासाठी पाणी कुठले, हे आशाताईंच्या मदतीने घरोघर विचारणे ही या अभ्यासाची उत्तम दुसरी बाजू ठरेल. मात्र बाळाच्या आईला विचारायचे म्हणजे मराठीत लिहिलेले संमतिपत्र हवे आणि नीतिसमितीची परवानगीही हवी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे विद्यार्थी-प्रकल्पांनाही लागू पडतात. तंत्रनिकेतनात अशी समिती नसते, तेव्हा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे अर्ज करावा.

एक गोष्ट परवानगीची वाट न पाहता करावी. ज्या आडाचे पाणी ५३ वर आले आहे, त्या घरी आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला या आठवड्यात जाऊन सांगावे. अहवाल मे महिन्यात बांधून होईल, पण पाणी ते घर रोज पिते.

प्रश्न : आमच्या प्रकल्पाचा विषय 'द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या मजुरांचे सुरक्षेविषयीचे ज्ञान' असा ठरला आहे. पूर्वचाचणी, मग तक्ते दाखवून शिक्षण आणि नंतर उत्तरचाचणी, असा आराखडा आहे. रक्ततपासणी जोडली तर वजन येईल का?
— जीएनएम (परिचारिका पदविका) तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, तासगाव तालुका

उत्तर : सकाळी शिकवले आणि दुपारी तेच विचारले, तर गुण वाढणारच; हा आराखडा आपल्याकडील परिचारिका विद्यालयांत इतका रुळला आहे की, निष्कर्ष आधी छापून ठेवला तरी चालेल. ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा आणि भुरी या बुरशीजन्य रोगांसाठी एकामागून एक फवारण्या सुरू होतात. तेव्हा बागमालकाला सांगून पहाटे बागेत जा आणि पाहा. औषध हाताने ढवळले जाते की काठीने, हातमोजे गाडीच्या सीटखाली पडून असतात की हातात असतात, आणि ते कपडे घरी कोण धुते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मजुराची बायको असे येईल आणि तिला तुमच्या प्रश्नावलीत जागाच नाही.

रक्ततपासणीविषयी सावध राहा. कोलिनेस्टरेज या रक्तातील विकराची तपासणी ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातील कीटकनाशकांपुरतीच उपयोगी आहे. केवडा-भुरीच्या बुरशीनाशकांबद्दल ती सहसा काहीच सांगत नाही. शिवाय माणसागणिक मूळ पातळी वेगळी असल्याने हंगाम सुरू होण्यापूर्वीचा त्याच मजुराचा नमुना नसेल, तर नंतरच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. एका सत्रात हे जमणारे नाही. निरीक्षण मात्र जमेल.

प्रश्न : कॉलेजची मुले आली आणि आमच्या आडाचे पाणी नातवाला देऊ नका म्हणाली. नातू तीन महिन्यांचा आहे. उकळून दिले तर चालेल ना?
— एक आजी, पलूस तालुका

उत्तर : नाही आजी, चालणार नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट भांड्यातच राहते आणि पाणी आटल्यामुळे उलट दाट होते. टीसीएल (ब्लिचिंग पावडर), मेडिक्लोर (क्लोरीनचे द्रावण), तुरटी किंवा कापडाची गाळणी यांनीही ते जात नाही. आरओ यंत्राने बरेच कमी होते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज पाण्याची गरजच नसते, त्यामुळे सूनबाईंचे दूध पुरत असेल तर काळजीचे कारण नाही. वरचे दूध द्यावेच लागत असेल, तर तपासणी झालेल्या नळयोजनेचे पाणी आणून, उकळून वापरा. बाळाचे ओठ किंवा नखे निळसर दिसली, तर लगेच दवाखाना गाठा आणि आडाच्या पाण्याची गोष्ट डॉक्टरांना आधी सांगा. नायट्रेटपुरते बोलायचे तर अंघोळीला आणि धुण्याला ते पाणी खुशाल वापरा.