विकलेल्या गाडीसाठी रडू येतं, हे वेड आहे का?

"मॅडम, माणूस गेल्यावर रडतात. मी विकलेल्या गाडीसाठी रडतोय. डोकं फिरलंय का माझं?"

माझ्याकडे समुपदेशनाला आलेले निफाडकडचे हे ६३ वर्षांचे काका. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हाच प्रश्न कधी विकलेल्या बैलजोडीबद्दल येतो, कधी पाडलेल्या वाड्याबद्दल. काकांना मी लगेच सांगितलं, नाही, डोकं अगदी ठिकाणावर आहे.

१९९६ साली बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून त्यांनी जुनी टाटा १२१० घेतली. त्यांचा पहिला ट्रक. लासलगावला कांदा भरायचा, रात्री कसारा घाट उतरायचा, पहाटे वाशी मार्केट. बहिणीचं लग्न आणि दोन्ही मुलांची शिक्षणं त्या गाडीनेच केली. पुढे गुडघे गेले, दरवर्षीच्या पासिंगचा खर्च झेपेना, मुलाने सिन्नरचं एक तरुण गिऱ्हाईक आणलं. चार महिन्यांपूर्वी गाडी गेली. अंगणात ऑइलचा डाग तेवढा राहिला, आणि काका रात्री त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसू लागले.

घरचे म्हणत, "लोखंडच होतं ना ते!" या वाक्याने माणूस फार एकटा पडतो. समाज ज्याला दुःख मानतच नाही, अशा दुःखावर केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये सविस्तर लिहिलं. मी त्याला सुतक नसलेलं दुःख म्हणते. ना कोणी भेटायला येतं, ना दहावा असतो.

पहिल्या भेटीत मी त्यांना गाडीच्या आठवणी बोलायला लावल्या. बरं वाटलं त्यांना, पण झोप आली नाही. तिसऱ्या भेटीत विचारलं, "ती नेली त्या दिवशी काय झालं?"

बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिचा दुसरा गिअर सरळ पडत नाही. डबल क्लच मारून जरा आपल्याकडे ओढावा लागतो. घाट सुरू व्हायच्या आधीच टाकायचा, नाहीतर उतारावर सगळा भार ब्रेकवर. मी त्या पोराला हे सांगितलंच नाही."

"का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर ती पुरती त्याची झाली असती."

गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्मही त्यांनी सही न करता कपाटात ठेवले होते. आरसी बुकात नाव आपलं असेल तर अपघाताची भरपाई आपल्यावर येऊ शकते, हे तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला मी काय सांगणार! तरीही सांगितलं. त्या पोराच्या जिवाची काळजी त्यांना रात्रभर जागवत होती, आणि ते तिला नुसती गाडीची आठवण समजत होते.

"दुप्पट पैसे देऊन परत घेऊ का?" असंही त्यांनी विचारलं. मी थांबायला सांगितलं. परत घेतलेली गाडी दारात उभी राहते, पण गुडघे काही परत येत नाहीत. आधी राहिलेलं बोलून या, म्हटलं.

ते सिन्नरला गेले. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या गाडीत क्लीनरच्या बाजूला बसले. पोराकडून दुसरा गिअर वीस-पंचवीस वेळा टाकून घेतला. मग बॉनेटवर फॉर्म ठेवून सह्या केल्या.

पुढच्या भेटीत त्यांनी मला झेरॉक्स दाखवली. सही वाकडीतिकडी आली होती.

"इंजिन चालू होतं ना," काका म्हणाले.