सेंटर कोणाबरोबर खेळतो ते बघ

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे स्कोअरशीटचे फोटो मिळाले. नाशिकरोडच्या शाळेकडून सामन्यामागे पंधरा-वीस गुण करणारा तुझा तो सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच मुलगा, आता गंगापूर रोडच्या कॉलेजकडून सहा-सातवर अडकतो, मग त्याला जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघात कशाच्या जोरावर घ्यायचं, असं तू विचारतेस. त्याचा खेळ उतरला असा तुझा कल दिसतो. मला तसं वाटत नाही. गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, स्वतः चेंडू घेऊन जातो, सेंटरला मात्र तो बहुतेक वेळा कुणीतरी द्यावा लागतो. त्यामुळे त्याच्या नावापुढचे गुण निम्मे बाकीच्या चौघांचे असतात. तू दोन्ही संघांत त्या एका मुलाकडेच बघितलंस, त्याच्याभोवतीच्या चौघांकडे बघितलं नाहीस.

रुडी गोबेरचं उदाहरण नीट समजून घे. सात फूट एक इंच उंची, युटा जॅझ या संघाकडून खेळताना 2018, 2019 आणि 2021 मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या लीगचा सर्वोत्तम बचावपटू. युटात भोवती लांबून मारणारे शूटर होते. हा स्क्रीन लावून, म्हणजे सोबत्यासाठी समोरच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहून, मग सरळ बास्केटकडे पळायचा आणि बचावात पेंटमध्ये, म्हणजे बास्केटखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात, मागे थांबून आत घुसणाऱ्याला अडवायचा. 2022 च्या उन्हाळ्यात मिनेसोटाने त्याच्यासाठी पाच खेळाडू आणि नवे खेळाडू निवडण्याचे, म्हणजे ड्राफ्टचे, पहिल्या फेरीतले चार हक्क मोजले. तिथे कार्ल-अँथनी टाउन्स हा सेंटर आधीपासून होता. पहिल्या हंगामात 42 विजय, 40 पराभव. सौदा फसला म्हणून केवढी ओरड झाली! पुढच्याच हंगामात त्याच दोघांना घेऊन संघ 56 सामने जिंकला, लीगमधला सर्वांत भक्कम बचाव त्यांचा ठरला आणि गोबेर चौथ्यांदा सर्वोत्तम बचावपटू झाला.

गोबेर तोच होता. पहिल्या हंगामात टाउन्स पोटरीच्या दुखापतीमुळे बराच काळ बाहेर राहिला, दोघांना एकमेकांची सवय व्हायला वेळच मिळाला नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये गार्ड माइक कॉनली आला. तो युटात गोबेरबरोबर खेळलेला, त्यामुळे चेंडू कधी आणि किती उंच टाकायचा हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. शिवाय जेडन मॅकडॅनियल्ससारखा बचावपटू बाहेर आपल्या माणसाला इतका चिकटून राहायचा, की सुटलेला माणूस वाकडातिकडा होऊनच गोबेरसमोर यायचा. आणि त्याच 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, फ्रान्सने बाद फेरीत याच गोबेरला फार थोडा वेळ खेळवलं. संघातल्या दुसऱ्या उंच खेळाडूला, वेम्बान्यामाला, सेंटर करून चपळ संघ उतरवला आणि रौप्यपदक मिळवलं. एकाच वर्षात एकच माणूस एका संघाचा कणा होता आणि दुसऱ्या संघात बाकावर. यात मला त्याची नामुष्की दिसत नाही.

निकोला योकिच आणि युसुफ नुर्किच हे दोघे डेन्व्हरमध्ये एकत्र खेळायचे तेही असंच. दोघेही खरे सेंटर, दोघांनाही तीच जागा हवी. डिसेंबर 2016 मध्ये प्रशिक्षकांनी योकिचला एकट्याला सेंटर केलं, फेब्रुवारीत नुर्किच पोर्टलंडला गेला. तिथे तो फुलला आणि योकिच पुढे तीनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. एकत्र ठेवले असते तर त्यांच्याबद्दलही तू आज मला असंच पत्र लिहिलं असतंस.

रिबाउंडच्या, म्हणजे हुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडण्याच्या, रकान्याबद्दल बोलायचंच आहे, कारण आपल्याकडे निवड समित्या तोच रकाना आधी वाचतात. ब्रुक लोपेझ सात फुटी. ब्रुकलिनमध्ये तो पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, पाठ करून गुण करायचा, पहिल्या आठ हंगामांत त्याचे तीन गुणांचे फटके मोजून तीन गेले. नंतर तो तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहू लागला, म्हणजे मिलवॉकीत त्याचा सोबती यानिस याला आत घुसायला रस्ता मोकळा. 2018-19 मध्ये त्याच्या नावावर सामन्यामागे जेमतेम पाच रिबाउंड होते, पण संघ रिबाउंडमध्ये लीगच्या अगदी वरच्या संघांत होता. तो आपल्या माणसाला बॉक्स आउट करून अडवून ठेवायचा आणि चेंडू सोबत्यांना घेऊ द्यायचा. ते काम कुठल्याच रकान्यात येत नाही. तेव्हा तुझ्या या सेंटरचे रिबाउंड मोजू नकोस. तो मैदानात असताना संघाला किती मिळतात आणि तो बसल्यावर किती, ते मोज.

आता आपल्या मैदानांचं. तू यूट्यूबवर एनबीए बघून खेळाडू तोलतेस, आणि आपले सामने फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नियमांनी होतात. एनबीएत कुणाला गार्ड न करता पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, आपल्याकडे बचावातल्या सेंटरला तशी अट नाही. चेंडू रिंगला लागला, की फिबात तो उडवता येतो, एनबीएत रिंगवर असेपर्यंत हात लावायचा नाही. म्हणजे हातांची वेळ साधणारा उंच मुलगा इथे तिकडच्यापेक्षा जास्त कामाचा. पण उलट बाजूही आहे. आपल्या स्पर्धांत बहुतेक संघ 2-3 झोन लावतात, म्हणजे माणसाऐवजी जागा राखतात, दोघे पुढे आणि तिघे मागे, आणि लांबून मारणारे कमी असतात, त्यामुळे तिघे सेंटरला घेरून उभे राहतात. तुझ्या या सेंटरचं कॉलेजात हेच झालेलं दिसतंय. शाळेत त्याच्या संघात कोपऱ्यातून बरं मारणारी पोरं होती.

एका गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं. आठवीतला मुलगा उंच दिसला, की त्याला बास्केटखाली उभं करायचं आणि ड्रिबल करू द्यायचं नाही. सहा फूट दोन इंचांवर वाढ थांबली, की मग तो ना सेंटर, ना दुसरा कुणी. जून 2015 मध्ये सात फूट दोन इंचांचा सतनामसिंग डॅलसने 52 व्या क्रमांकावर निवडला, एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. त्याच महिन्यात गोल्डन स्टेटने अंतिम मालिकेत 1-2 असं मागे असताना सात फुटी बोगटला बसवलं, साडेसहा फुटांच्या ड्रेमंड ग्रीनला मध्ये आणलं आणि पुढचे तिन्ही सामने जिंकून विजेतेपद घेतलं. सतनामला नंतर एनबीएचा एकही सामना मिळाला नाही. उंच मुलांना तिथे नवी कामं शिकावी लागत होती, तीच आपण आपल्या मुलांना आजही शिकवत नाही. सिमेंटच्या कोर्टवर त्यांच्या गुडघ्यांचं काय होतं ते वेगळंच.

पुढचा सामना बघताना बास्केटच्या मागे बस. त्याने चेंडूसाठी हात दाखवल्यावर गार्ड त्याच्याकडे बघतो का? स्क्रीन लावल्यावर तो थांबतो की वळून पळतो? चेंडू गेल्यावर पहिली तीन पावलं कशी टाकतो? बचावात मागून ओरडून सांगतो का? फ्री थ्रो दमलेला असताना बघ. आणि जिल्ह्याच्या यादीत तो डावखुरा बुटका गार्ड आहे ना, त्याचा बाउन्स पास मी बघितलाय. तो येणार असेल, तर हा सेंटर घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो नसेल आणि संघ नुसता फास्ट ब्रेकवर धावणार असेल, तर कमी उंचीचा पण पळणारा दुसरा मुलगा बरा.

यादी द्यायच्या आधी हा सेंटर आणि तो गार्ड, दोघांना एकाच संघात घालून समोर झोन लाव आणि वीस मिनिटं खेळव. गार्डला आधी काही सांगू नकोस. मग मला फोन कर.

तुझे,
सर