उष्णता कृती आराखड्याने जीव वाचतात का, हे कसं मोजायचं?

तुम्ही विचारलंय की शहराच्या उष्णता कृती आराखड्याचा (म्हणजे उन्हाळ्यात लोकांना इशारे देणं, डॉक्टरांना तयार करणं अशा पालिकेच्या योजनेचा) आरोग्याला खरंच फायदा होतो का, हे उष्माघाताच्या आकड्यांवरून ठरवता येईल का. नाही. मी बडोद्यात आरोग्याच्या नोंदींचं काम करतो. उन्हाने गेलेला माणूस कागदावर बहुतेकदा उन्हाने गेलेला नसतोच. दांडिया बाजारात पत्र्याखालच्या खोलीत राहणाऱ्या मधुमेही आजी मे महिन्यात गेल्या, तर दाखल्यावर हृदयविकार येतो, आणि ते खोटंही नसतं. शिवाय आराखडा आला की डॉक्टरांना प्रशिक्षण मिळतं, ते उष्माघात ओळखू लागतात आणि आकडा उलट वाढतो.

म्हणून कारण न बघता रोजचे एकूण मृत्यू घ्या. अहमदाबादेत मे २०१० मध्ये ४,४६२ मृत्यू नोंदले गेले. २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांशी तुलना केल्यावर त्यातले १,३४४ जास्तीचे निघाले. त्या धक्क्यातूनच २०१३ चा आराखडा उभा राहिला. पुढच्या मूल्यमापनात नुसतं ‘आधी इतके, नंतर इतके’ असं केलं नाही. तापमान तितकंच असताना आधी किती माणसं जात होती आणि आता किती जातात, हे पाहिलं. २०१४ आणि २०१५ साठी अंदाज निघाला वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळल्याचा. अंदाजच आहे तो, पण पद्धत योग्य आहे. एखादा उन्हाळा सौम्य गेला म्हणून त्याचं श्रेय पालिकेला जात नाही.

बडोद्यात हेच करायचं तर एक अडचण मोठी. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. सयाजी रुग्णालयात छोटा उदेपूर, पंचमहालपासून रुग्ण येतात, आणि तिथल्या शेतमजुराला आपल्या पालिकेचा इशारा कुठून पोहोचणार? राहण्याच्या पत्त्याचा रकाना वेगळा केल्याशिवाय हिशोब लावूच नका. २०२० आणि २०२१ ही कोरोनाची वर्षं सरळ वगळा. एप्रिल-मे २०२१ ‘आधीचा काळ’ म्हणून तुलनेत धरलं तर कुठलीही योजना यशस्वी दिसेल. उष्णतेच्या लाटेनंतरचे तीन-चार आठवडेही बघा. तेव्हा मृत्यू नेहमीपेक्षा कमी झाले, तर काही माणसं थोड्याच दिवसांनी जाणारी होती असं समजायचं.

मृत्यूंपलीकडेही बघाच. अहमदाबादेत शारदाबेन रुग्णालयाचा प्रसूती कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. तो खाली आणला. असा बदल मला शंभर फलकांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्याचा परिणाम त्याच रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाच्या दाखल-नोंदीत तपासता येतो.

सुरुवात करायची तर पालिकेकडे माहिती अधिकारात नावांशिवाय मार्च ते जूनचे दिवसवार मृत्यू मागा: वय, लिंग, राहण्याचं ठिकाण. कमाल तापमानासोबत रात्रीचं किमान तापमानही हवामान खात्याकडून घ्या. रात्रीही घर थंड झालं नाही, तर म्हाताऱ्या माणसाच्या शरीराला सावरायला वेळच मिळत नाही.