कोविड ‘स्नायूंवर’ हल्ला करतो का?

‘कोविडनंतर स्नायुसंस्थेचे विकार’ असा एक मेसेज फिरतोय, त्यातली ही स्नायुसंस्था म्हणजे नक्की काय, असा प्रश्न आलाय. अहो, ते हिंदीतून जसंच्या तसं उचललंय! हिंदीत, बंगालीत स्नायु म्हणजे नर्व्ह (मेंदूचे निरोप शरीरभर नेणारी दोरी), आपल्याकडे स्नायू म्हणजे मसल, आणि ही चूक मी इतक्यांदा ऐकलीय की आता खरंच राग येतो, कारण फरक जिवावरचा आहे. कोविडच्या तापात मांड्या-पिंढऱ्या ठणकतात ते स्नायूंचं दुखणं, बहुतेकांचं विश्रांतीने जातं. पण ताप उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पायाला मुंग्या येऊन जिना चढवेना झाला आणि अशक्तपणा खालून वर सरकायला लागला तर तो जीबीएस (गुलेन-बारे सिंड्रोम) असू शकतो, त्यात आपलीच प्रतिकारशक्ती नर्व्हवरचं आवरण खाते, श्वासापर्यंत पोचलं की व्हेंटिलेटर. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला पसरला तो हाच आजार, तेव्हा कोविड नाही तर दूषित पाणी आणि कॅम्पायलोबॅक्टर जंतूंवर बोट होतं. अशा पेशंटच्या घरच्यांनी ‘स्नायू’ वाचून तेल चोळत बसायचं का?

आता खरी मजा. न्यूरॉलॉजीतला ग्रीक ‘न्यूरॉन’ आणि आपला ‘स्नायु’ हे एकाच कुळातले! वेदातला स्नावन्, पारशांच्या जुन्या धर्मग्रंथातला, अवेस्तातला स्नावर, लॅटिन नर्वुस (त्यावरूनच नर्व्ह), सगळे भाऊबंद, आणि सगळ्यांचा जुना अर्थ कंडरा (टेंडन, मसल हाडाला बांधणारी दोरी), तात. संस्कृतात स्नायु म्हणजे धनुष्याची दोरीसुद्धा, आणि ग्रीकमध्येही या शब्दाला तोच अर्थ होता. पांढरी, चिवट दोरी दिसली की न्यूरॉन म्हणायचे, मग अलेक्झांड्रियात हिरोफिलस या ग्रीक वैद्याने शरीरं फाडून संवेदना वाहणाऱ्या दोऱ्या वेगळ्या ओळखल्या आणि शब्द हळूहळू तिकडे सरकला.

यावर काही संस्कृतवाले लगेच म्हणतात, बघा, म्हणजे हिंदीचाच अर्थ मूळ. साफ चूक! सुश्रुत त्याच्या संहितेच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात, ९०० स्नायू मोजतो आणि सांगतो की फळ्या दोऱ्यांनी नीट बांधल्या की नाव जशी भार पेलते तसं स्नायूंनी बांधलेलं शरीर भार पेलतं. हे बंध झाले, नर्व्ह कुठून आल्या? मसलला त्याच्याकडे ‘पेशी’ हा वेगळा शब्द आहे, त्या ५००. म्हणजे मूळ अर्थापासून हिंदीही सरकली आणि मराठीही, पण मराठीत लिहिताना मराठीतलाच अर्थ चालणार.

मज्जातंतू म्हणा असं सुचवणाऱ्यांशीही माझं पटत नाही. मज्जा हाडातली, बोन मॅरोला आपण अस्थिमज्जा म्हणतोच, मग तोच शब्द नर्व्हला कशाला? नर्व्हस सिस्टीमला शाळेच्या पुस्तकातला चेतासंस्था हा शब्द स्वच्छ आहे, तो वापरा.

आणि हो, त्याच मेसेजमध्ये ‘वास गेला म्हणजे स्नायू मेले’ असंही आहे म्हणे. तेही खोटं. व्हायरस मुख्यतः नाकाच्या अस्तरातल्या आधार देणाऱ्या पेशींना धरतो, वास ओळखणाऱ्या चेतापेशींना नाही, म्हणून तर बहुतेकांचा वास परत आला.