कानोसा : खोलीला कोणता सूर आवडतो?

प्रश्न : ताई, माझ्याकडे साडेपाच इंची कोनचे (आवाज काढणाऱ्या हलत्या शंकूचे) दोन लहान स्पीकर आणि साधा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे. अ‍ॅम्प्लिफायरला 'सब आउट' (सबवूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारी पेटी, जोडायची जागा) नाही. खोली १५ बाय १२ फूट, छत १० फुटांवर. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. या संचावर सिनेमा बघत नाही. डबल बास असलेलं जॅझ आणि तबला-पखवाज, एवढंच ऐकतो. खालची बाजू रिकामी वाटते म्हणून सबवूफर घ्यायचं मनात आहे. मुलगा म्हणतो, घ्यायचाच तर १२ इंची, ५०० वॉटचा घ्या. मला भीती वाटते की सगळं गाणं ढुम्म-ढुम्म होऊन बसेल. काय करू?

उत्तर : तुमची भीती खरी आहे आणि मुलाचा हिशेबही अगदीच वेडा नाही. पण तुम्ही दोघं पेटीकडे बघताय. निम्मी गडबड खोलीत असते.

माझ्याच घरचं सांगते. मैफलींना आवाज लावण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे घरच्या संचाबद्दल मला कुणी शिकवायची गरज नाही असा एक ताठा होता. मी १२ इंची, पोर्टवाला (पेटीला हवेसाठी भोक असलेला) सब आणला आणि जागा तेवढीच मोकळी म्हणून पडद्यामागच्या कोपऱ्यात सारला. पहिल्या संध्याकाळी काय तो थाट! तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की डबल बासचा एक ठरावीक सूर आला की तो फुगतो, बाकीचे त्याच्यामागे लपतात. वर्षभर मी पेटीला शिव्या घातल्या. दुरुस्तीला पाठवली, ती 'ठणठणीत आहे' असा शेरा घेऊन परत आली. मग एकदा डबल बास वाजवणारा मित्र वाद्य घेऊन घरी आला आणि सूर लावता लावता खालच्या ई-पासून एकेक सूर वर चढत गेला. सब बंद होता. बटणसुद्धा दाबलेलं नव्हतं. तरी तोच सूर फुगला. दाराची कडी खणखणली. मित्र हसला आणि म्हणाला, ''तुझ्या खोलीला हा आवडतो.''

तुमच्या खोलीला कोणते आवडतील हे मोजमापावरूनच सांगता येतं. आवाज सेकंदाला साधारण ११२५ फूट धावतो. समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर दुप्पट करून त्याने ११२५ला भागा, म्हणजे त्या दिशेचा पहिला घुमारा मिळतो. १५ फुटांना साडेसदतीस हर्ट्झ (सेकंदाला कंपनं), १२ फुटांना सुमारे ४७, छताच्या १० फुटांना सुमारे ५६. आता डबल बासच्या सुरांशी ताडून बघा. सर्वांत खालचा ई ४१ हर्ट्झवर, एफ शार्प ४६च्या किंचित वर, ए बरोबर ५५वर. म्हणजे तुमच्याकडे एफ शार्प आणि ए अंगावर येण्याची शक्यता मोठी. तुमचे छोटे स्पीकर तिथवर धडपणे पोचत नाहीत म्हणून आज हे झाकलेलं आहे. सब आला की उघड होईल. त्यात तुमचा सोफा भिंतीला टेकलेला, आणि भिंतीलगत त्या दिशेच्या घुमाऱ्यांचा दाब सर्वांत जास्त. सोफा दोन फूट पुढे ओढा. हे सब आणायच्या आधी करा, फुकटात होतं. अगदी मध्यावर मात्र आणू नका. तिथे लांबीचा पहिला घुमारा जवळजवळ नाहीसा होतो आणि खाली खड्डा पडतो. इक्वलायझरने (ठरावीक सुरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) फुगवटा कापता येतो, खड्डा भरता येत नाही. कितीही ओता, भिंतींवरून परतलेली लाट ते खाऊन टाकते आणि अ‍ॅम्प्लिफायर उगाच तापतो.

आता पेटी. तुमच्यासाठी पहिली अट इंचांची नाहीच. 'सब आउट' नसल्यामुळे सबच्या पाठीवर हाय-लेव्हल इनपुट हवं, म्हणजे स्पीकरच्या तारा जिथून निघतात त्याच टर्मिनलवरून सबला जोडणी घेता येते. त्या इनपुटचा रोध इतका जास्त असतो की अ‍ॅम्प्लिफायरला त्याचं ओझं जाणवतही नाही. ही तडजोड समजू नका. संगीतासाठी मी स्वतः हीच जोडणी पसंत करते, कारण स्पीकर जे ऐकवतात तोच सिग्नल, त्याच अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वभावासकट, सबला मिळतो. एकच सांभाळा : अ‍ॅम्प्लिफायर ब्रिज्ड किंवा बॅलन्स्ड आउटपुटचा (काळ्या टर्मिनललाही सिग्नल असणारा) असेल तर काळी तार स्पीकरच्या काळ्या टर्मिनलला जोडायची नसते. आधी दोन्ही उपकरणांच्या माहितीपुस्तिका उघडा.

दुसरी गोष्ट, बंद पेटी की पोर्टवाली. तुमच्यासाठी बंद, आणि इथे मी आडपडदा ठेवत नाही. १९५४मध्ये एडगर विल्चर यांच्या एआर-१ या स्पीकरने दाखवून दिलं की पेटीत कोंडलेली हवाच कोनला स्प्रिंगसारखं धरून ठेवू शकते. बंद पेटी आपल्या मर्यादेखाली अष्टकाला (सा ते वरचा सा एवढ्या अंतराला) १२ डेसिबलच्या उताराने हळूहळू उतरते, पोर्टवाली २४ने, म्हणजे कड्यावरून पडल्यासारखी. लहान खोली अगदी खालच्या सुरांना स्वतःच थोडा हात देते, तेव्हा बंद पेटीचा उतार आणि खोलीचा चढ यांचं बरं जमतं. शिवाय सूर संपला की ती थांबते. पोर्टवाली तेवढ्याच आकारात आवाज जास्त काढते, यात वाद नाही. मोठ्या दिवाणखान्यात पाइप ऑर्गन ऐकणाऱ्याला मी तीच सुचवीन. सिनेमावाल्यांनाही. स्फोट कोणत्या सुरात झाला हे कुणी विचारत नाही.

मुलाच्या ५०० वॉटचं काय? २५०चे ५०० झाले की मिळतात ३ डेसिबल. कानाला कळतात, पण दुप्पट बिलकूल वाटत नाहीत. इंचांबाबत मात्र त्याच्या म्हणण्यात दम आहे. त्याच जोराने एक अष्टक खाली उतरायचं तर कोनला चौपट हवा ढकलावी लागते, आणि मोठा कोन ते न धापता करतो. पण कोनचं क्षेत्रफळ इंचांच्या वर्गावर ठरतं : १२चा वर्ग १४४, आणि ८च्या वर्गाची दुप्पट १२८. म्हणजे ८ इंची दोन पेट्या एका १२ इंचीच्या जवळपास तेवढीच हवा हलवतात. वर दोन वेगळ्या जागी ठेवल्या तर एकीचा फुगवटा दुसरी थोडा सपाट करते. एकच घ्यायचा असेल तर बंद पेटीतला १० इंची घ्या, आणि तो एकाच्या जागी पुढेमागे दोन करता येईल असा बघा. घरी लावून परत देण्याची मुभा असेल तरच पैसे मोजा. दुकानातल्या खोलीला कोणता सूर आवडतो ते समजून तुम्हाला काय करायचंय?

तबल्याबद्दल थोडं वेगळं बोलावं लागेल. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर लागते. म्हणजे या संगीताला पाताळात उतरणारा सब लागतच नाही. लागतो तो स्पीकरशी सांधा नीट जुळवणारा. डग्ग्याचा घिस्सा लावून ऐका. आवाज खालून वर घसरत जाताना मध्येच कुठे पोट सुटल्यासारखा फुगला, तर सांध्यात किंवा जागेत खोट आहे. माझ्याकडे याहून चांगली चाचणी नाही, आणि मापनाचा मायक्रोफोन माझ्या कपाटात पडून आहे.

जागा शोधायची पद्धत जरा हास्यास्पद आहे, पण चालते. सब सोफ्यावर, तुमच्या डोक्याच्या जागी ठेवा. डबल बासचे सूर एकेक चढत जाणारं काहीतरी लावा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत फिरा. जिथे सगळे सूर सारख्या उंचीच्या पायऱ्यांसारखे ऐकू येतील ती सबची जागा. मी हे करत असताना भाची दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. ''मावशी, कानातलं पडलं का?'' कोपऱ्यापासून चार फुटांवर, पुस्तकांच्या कपाटाशेजारी जागा सापडली. पडदा आता पुन्हा नुसता पडदा आहे.

क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सब वाजवतो ती सीमा) ६० हर्ट्झच्या आसपास सुरू करा. नॉबवरच्या आकड्यावर फार विसंबू नका, तो बऱ्याचदा अंदाजेच असतो. ८०च्या वर गेलात की आवाज कुठल्या पेटीतून येतोय हे कानाला कळायला लागतं. मग एखाद्या पुरुषाचं नुसतं बोलणं लावा, बातम्या चालतील. पुरुषाचा बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ हर्ट्झच्या वरच असतो. जाळी निघत असेल तर काढून कोनच्या कडेला बोटाचं टोक हलकेच टेकवा. बातम्या चालू असताना तो हलत असेल तर क्रॉसओव्हर खाली घ्या.

फेजच्या बटणाला (सबचा कोन स्पीकरच्या जोडीने आत-बाहेर होतो की उलटा, हे ते ठरवतं) दोन माणसं लागतात. एकाने सोफ्यावर बसायचं, दुसऱ्याने ० आणि १८० आलटून पालटून करायचं. सांध्याजवळचा सूर ज्या बाजूला भरदार वाटेल ती बरोबर. हे काम मुलाला द्या, त्यालाही खरेदीत वाटा मिळाल्यासारखं वाटेल. आवाजाची पातळी मात्र तुम्ही एकट्याने, सावकाश लावा. एवढ्या खाली कान मजेशीर वागतो : आधी काहीच ऐकू येत नाही, आणि एकदा यायला लागलं की दोन-तीन डेसिबलची वाढसुद्धा केवढी तरी वाटते. म्हणून नॉब केसभर फिरवायचा आणि दोन दिवस हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी जे 'वा!' वाटतं ते बहुतेक वेळा जास्त असतं.

प्रश्न : नवा सब जोडल्यापासून सतत 'घूं' असा आवाज येतो. गाणं बंद असतानाही. पेटी बदलून मागू का?

उत्तर : थांबा. आधी सिग्नलची केबल सबच्या पाठीवरून काढा. घूं बंद झाली तर पेटी निर्दोष आहे आणि हा अर्थिंगचा फेरा आहे : दोन उपकरणं दोन वेगळ्या सॉकेटमधून जमिनीला जोडली गेलीत आणि केबलमधून त्यांचं वर्तुळ पूर्ण होतंय. दोन्हींचे प्लग एकाच बोर्डवर आणा. बहुतेक घरांत तेवढ्यावर भागतं. प्लगची अर्थिंगची पिन मात्र काढू नका, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. केबल काढूनही घूं चालूच राहिली तर दोष पेटीतलाच, मग खुशाल परत करा.

प्रश्न : खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार करतात. सबखाली फोमचे पॅड घातले तर थांबेल का?

उत्तर : पूर्ण नाही. पॅडमुळे पेटीचा थेट फरशीला लागणारा धक्का कमी होतो आणि तुमच्याच घरातली खडखड थांबते. पण ४० हर्ट्झची लाट २८ फुटांची असते, तिला फोमचा तुकडा दिसतही नाही. हवेतून भिंती-फरशी हलवत ती खाली जातेच. त्यापेक्षा सब तुमच्या खुर्चीच्या अगदी बाजूला, हाताच्या अंतरावर आणा आणि मग नॉब खाली करा. तुम्हाला तेवढंच ऐकू येईल, खोलीत मात्र बरंच कमी सांडेल. केबल लांब लागेल, आणि फेज पुन्हा तपासावा लागेल. मग एकदा खाली जाऊन शेजाऱ्यांच्या खोलीत पाच मिनिटं बसा, वर कुणालातरी गाणं लावायला सांगून.