सगळं वाटून टाकलं तरच खरं मनपरिवर्तन?

प्रश्न: येशूवर विश्वास ठेवला की सगळी संपत्ती द्यावीच लागते का?

उत्तर: नाही हो, असा सरसकट नियम नाहीये. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात श्रीमंत अधिकाऱ्याला येशू सगळं विकायला सांगतो आणि तो खिन्न होतो, पण १९व्यात यरीहो शहरातला मुख्य जकातदार (कर गोळा करणारा) जक्कय स्वतःहून अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करतो म्हणतो, मोशेच्या नियमशास्त्रात स्वतःहून कबूल केलेल्या फसवणुकीला मुद्दल अधिक पाचवा हिस्सा एवढंच होतं बघा! आणि यातून त्याने तारण, म्हणजे पापातून सुटका, विकत नाही घेतलं, येशूने आधीच त्याच्या घरी उतरायचं ठरवलेलं. मला विचाराल तर दान त्यामानाने सोपं, फसवलेल्या माणसाच्या दारात जाऊन पैसे परत करणं फार अवघड. तुमच्याकडे कोणाचं असं काही राहिलं असेल तर तिथूनच सुरुवात करा.