‘ब-2 आलाय, मागे पडली का हो?’

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे मुलांच्या अभ्यासाबद्दल सल्ला घ्यायला येणाऱ्या पालकांच्या हातात बहुतेक वेळा प्रगतीपुस्तक असतं. प्रश्नही ठरलेला: मूल मागे पडलंय का? गेल्या वर्षी कळव्याहून एक आई आली होती. मुलगी तिसरीत, ठाण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दुसरीच्या वार्षिक निकालात गणितात अ-2 श्रेणी होती, तिसरीच्या पहिल्या सत्रात ब-2 आला. मराठीत अ-1 होता, पण त्याबद्दल आई चकार शब्द बोलली नाही.

“मॅडम, एकदम दोन पायऱ्या खाली. जाऊबाईंनी मुलाचा निकाल ग्रुपवर टाकला, तो बघितल्यापासून झोप नाही. आणि पाचवीला आता वार्षिक परीक्षा असते, नापास करतात म्हणे. आत्ताच ही गत, तर तेव्हा काय?”

पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेचं तिचं म्हणणं खरं आहे. 2023-24 पासून ती सुरू झाली. पण नापास झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षेची संधी मिळते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तेवढं ऐकून ती जरा सैल झाली. मग आम्ही प्रगतीपुस्तक उघडलं.

राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. दुसरीपर्यंत शंभरातले 70 गुण आकारिक, म्हणजे वर्गातलं तोंडी काम, स्वाध्याय, उपक्रम, छोट्या चाचण्या यांचे, आणि 30 गुण सत्राच्या शेवटच्या संकलित मूल्यमापनाचे. तिसरीत हेच 60 आणि 40 होतं. म्हणजे परीक्षेचा वाटा वाढला, शिवाय अभ्यासही अवघड झाला. दुसरीचा अ-2 आणि तिसरीचा ब-2 शेजारी ठेवून वजाबाकी करायची, तर दोन वेगळ्या मापांनी मोजलेलं एकत्र करतोय हे लक्षात ठेवावं लागतं. त्यात अ-2 म्हणजे 81 ते 90 आणि ब-2 म्हणजे 61 ते 70. 81 चे 70 झाले तरी दोन पायऱ्या, 90 चे 61 झाले तरी दोनच. लेक 11 गुणांनी घसरली की 29, हे श्रेणी सांगतच नाही. आणि कशात घसरली, हे तर मुळीच नाही.

मुलगी तोवर खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसली होती. आईशी बोलताना कारण कळलं. पालकसभेत ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचं उद्दिष्ट सांगितलं होतं: तिसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द वाचावेत. तेव्हापासून घरी रोज रात्री मोबाइलवर टायमर लावून वाचन. त्या उद्दिष्टात ‘अर्थ समजून’ हेही आहे, ते मागेच राहिलं. आता पुस्तक काढलं की तिचं पोट दुखतं. मी आईला स्पष्ट सांगितलं, टायमर आजपासून बंद. अ-1 असलेल्या मुलीला वाचनाची धास्ती बसवणं हे मला त्या ब-2 पेक्षा कितीतरी जास्त काळजीचं वाटलं.

मग मुलीला वजाबाक्या दिल्या. 48 मधून 23, बरोबर. 52 मधून 27, उत्तर 35. 63 मधून 38, उत्तर 35. पेपरात अशा उत्तरावर फुली पडते आणि विषय संपतो. मी म्हटलं, “बाळा, कसं केलंस ते मला सांग ना.” ती लगेच म्हणाली, “पाचातून दोन गेले तीन. सातातून दोन गेले पाच.” दोन वर आहेत की खाली, हे ती बघतच नव्हती, मोठ्यातून लहान काढायचं, एवढा एकच नियम तिनं पक्का धरला होता. हा निष्काळजीपणा नाही. मूल नियमानं चालतंय, नियम अपुरा आहे.

मी टेबलावर दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी ठेवली. “भाजीवाल्या मावशींना 27 द्यायचेत.” तिनं दोन नोटा सरकवल्या, नाण्यांकडे बघत थांबली आणि विचारलं, “एक नोट सुट्टी करून द्याल?” दहा नाणी दिली. सात मोजून सरकवल्यावर तिच्यापाशी दोन नोटा आणि पाच नाणी उरली. वहीतल्या 35 कडे बघून तिनं स्वतःच खोडरबर मागितला.

आईला मी शाळेत पाठवलं, पण प्रश्न बदलून. “गुण का कमी?” असं विचारलं की बाईंना खुलासा द्यावा लागतो. “कशात अडतेय?” असं विचारलं की त्या वही उघडतात. तसंच झालं. बाईंना हे आधीच ठाऊक होतं. प्रगतीपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदीत ‘हातच्याच्या वजाबाकीत सराव हवा’ असं लिहिलंही होतं. घरी कुणी तो रकाना वाचला नव्हता. पायाभूत चाचणीतही नेमके तेच प्रश्न चुकले होते. ती चाचणी वर्षाच्या सुरुवातीला घेतात ती याचसाठी, मूल कुठे उभं आहे ते पाहून पुढचं शिकवणं ठरवायला. त्यावरून मुलांचे नंबर लावू नयेत.

काळजी करूच नका असं मी म्हणत नाही. तिसरीत साधं वाक्यही अडखळत वाचणारं, तोंडी सगळं सांगणारं पण लिहायला बसलं की कोसळणारं मूल असेल, तर श्रेणी कितीही चांगली असो, अध्ययन अक्षमतेची (लर्निंग डिसॅबिलिटी) तपासणी करून घ्या. आपल्याकडचे पुष्कळ पालक त्यासाठी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जातात. या मुलीला त्याची गरज नव्हती.

आईनं घरी एक वही केली. जूनमध्ये काय येत नव्हतं आणि आज काय येतं, एवढंच त्यात लिहायचं, आणि लिहायचं मुलीनं. वार्षिक निकालात गणितात ब-1 आला. हातच्याची वजाबाकी आता जमते. शाब्दिक उदाहरणात मात्र ‘कितीने जास्त’ असं दिसलं की ती अजून बेरीज करते. पुढच्या भेटीत त्यावर बसायचं ठरलंय.